किहीमच्या खडकांवर पाण्याची वाट पाहताना

अलिबागच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरवर किहीम आहे. मुंबईहून येणाऱ्यास गेटवेची लाँच, किंवा २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट, मांडव्याला उतरवते. तेथून अलिबागच्या रस्त्याला लागावे आणि चोंढी नाक्यावर उजवीकडे वळावे. पुढचा रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही अंगांना गडगे, नारळी-पोफळी, मध्येच एखादी जुनी विहीर. रस्ता संपतो तेथे सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे एकदम मोकळा समुद्र. पाण्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला खांदेरी आणि उंदेरी दिसतात. खांदेरीवरचा दीपस्तंभ १८६७ सालचा. किल्ला त्याहून पुष्कळ जुना, शिवकालीन, आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. पाठीशी कनकेश्वराचा डोंगर.

शनिवार-रविवारी येणारी मंडळी हे सारे पाहतात, घोडागाडीतून एक फेरी मारतात, भुट्टा खातात आणि ओहोटी असली तर ‘पाणी फार लांब गेलेय’ अशी तक्रार करीत परततात. त्यांच्या नजरेत समुद्राच्या दोनच अवस्था असतात, आलेला आणि गेलेला. या दोहोंच्या मध्ये एक घटका अशी असते की, पाणी थांबते, क्षणभर त्याला दिशाच नसते आणि मग ते वळते. किहीमला ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काळ्या खडकांवर त्या घटकेसाठी येऊन बसणारी काही माणसे आहेत. हातात गळ, बाजूला डबा, डोक्यावर टोपी. हा लेख त्यांच्या छंदाविषयी आहे.

या छंदाला घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि मधली ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या आसपास. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळची ओहोटी साधारण साडेआठला. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, आणि चंद्र जसा उशिरा उगवतो तसे पाणीही उशिरा येते, हे ज्याला उमगले त्याला हा गुणाकार पाठ करावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग; तेव्हा त्याची ये-जा मंद होते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून खडकांवर उतरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावे आणि गावातल्या माणसाला विचारावे.

गळाने मासे धरणे हा आपल्याकडे उपजीविकेचा सर्वांत लहान भाग आणि विरंगुळ्याचा सर्वांत जुना प्रकार म्हणता येईल. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि त्या क्रियेला गरवणे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींमध्ये त्यात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे: माशांचे प्रकार, ते कोठे राहतात, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, दोर आणि काठी कशी असावी. इंग्रजीत या छंदाची गीता मानले जाणारे आयझॅक वॉल्टनचे पुस्तक १६५३ सालचे, म्हणजे पाचशे वर्षांनी नंतरचे. मला स्वतःला ‘विनोद’ हा शब्द फार आवडतो. ज्यात मन रमते तो विनोद. त्यात मासा मिळालाच पाहिजे अशी अट नाही.

ही अट नसण्याची टोकाची पायरी म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांमधला स्टीलहेड. माझा भाचा, ताईचा मुलगा, सिएटलजवळ राहतो आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून स्कायकोमिश नदीत कमरेइतक्या थंड पाण्यात जाऊन उभा राहतो. स्टीलहेड हा मुळात रेनबो ट्राउटच. नदीत जन्मतो, लहानपणी समुद्रात उतरतो, तेथे दोन-तीन वर्षे वाढतो आणि मग अंडी घालण्यासाठी आपल्या नदीत परततो. त्या किनाऱ्यावरचे बहुतेक सामन मासे एकदा अंडी घालून मरतात. स्टीलहेड मात्र पुन्हा समुद्र गाठू शकतो आणि काही मासे दुसऱ्यांदाही परत येतात. नदीत शिरलेला मोठा मासा फारसे खात नाही. त्याच्यासमोर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी नाचवायची. तिला वजन नसल्यामुळे वजन दोरीतच ठेवलेले असते. ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवून पाण्यावर अलगद उलगडायची. हे पुन्हा पुन्हा करायचे. तेथील लोक त्याला हजार फेकींचा मासा म्हणतात. इतके करून मिळालेला मासा नदीतच जन्मलेला असेल तर नियमाने सोडून द्यावा लागतो. संवर्धन केंद्रात वाढवलेल्या माशांचा पाठीवरचा मागचा लहान पर आधीच कापलेला असतो, त्यावरून ओळख पटते.

ताई पाच वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेली होती. काठावर घडीच्या खुर्चीत शाल पांघरून ती तीन तास बसली आणि मुलगा रिकाम्या हातांनी, पण हसत बाहेर आला. ‘एवढा शिकलेला मुलगा, आणि हे असले वेड,’ असे ती परतल्यावर आम्हांला सांगायची.

त्यानंतर दोन वर्षांनी ताईला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, तपासण्यांचे अहवाल चांगले येऊ लागले. आजार गेला, परंतु ताई परत आली नाही, असे मला वाटत राहिले. डाव्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्यामुळे तो हात जड वाटे. खांदा आखडला होता. भिंतीवरून बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम तिने महिनाभर केला आणि सोडला. कंटाळ्यापेक्षा भीती मोठी होती. हात वर गेला की ओढ बसे, आणि ओढ बसली की मनात एकच शंका येई. मुलगा रोज फोन करी. ती ‘बरी आहे’ एवढेच म्हणे. त्याच फोनवर एकदा त्याने तिला सांगितले की, अमेरिकेत १९९६ पासून ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ नावाची एक संस्था स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांना नदीकाठी नेऊन हीच दोरी टाकायला शिकवते. दोरी झुलवण्याची ती संथ हालचाल शस्त्रक्रियेनंतर सांगितल्या जाणाऱ्या खांद्याच्या व्यायामाशी मिळतीजुळती असते. ताईने ऐकून घेतले. ‘आमच्याकडे कुठे आहे तुझी नदी,’ असे म्हणून फोन ठेवला.

पौष वद्य तृतीयेला आम्ही दोघी सहा दिवसांसाठी किहीमला आलो. एका वाडीतली खोली घेतली होती. मालकीणबाईंचे सासरे सत्तरी ओलांडलेले, मासेमारीतून निवृत्त झालेले; पण दिवसातून एकदा खडकांवर गेल्यावाचून त्यांना अन्न गोड लागत नसे. पहिले दोन दिवस ताई सुरूच्या सावलीतून त्यांना नुसती पाहत होती. ते हातानेच दोर टाकीत. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वर गळ, गळाला कोळंबी. गोळा डोक्यावरून दोनदा फिरवायचा आणि सोडायचा. मग तर्जनीवरून तंगूस घेऊन बसायचे.

तिसऱ्या दिवशी, पंचमीला, ती उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. हिशेबाने ओहोटी दहाच्या थोडी आधी होती. काकांनी तिच्याकडे वर पाहिलेही नाही. ‘पानी वळू द्या, बाय,’ एवढेच म्हणाले. मग दोघेही थांबले. खडकांच्या खळग्यांत अडकलेले पाणी अगदी स्थिर होते. त्यात बोटाएवढे मासे आणि शंखात घर केलेले खेकडे. दूर, पाण्याच्या कडेला, एक बगळा एका पायावर उभा. दहा-पंधरा मिनिटांनी एका खळग्याच्या तोंडाशी पाण्याची बारीकशी जीभ आत आली, परत गेली, पुन्हा आली. ‘वळला,’ काका म्हणाले. ताई त्या जिभेकडे पाहत राहिली होती. गेल्या दोन वर्षांत इतका वेळ ती स्वतःखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहत असलेली मी पाहिली नव्हती.

फिजिओथेरपिस्टबाईंना मी आदल्या रात्रीच फोन करून विचारले होते. त्यांनी हलक्या काठीला हरकत घेतली नाही, पण अटी सांगितल्या. हात ताणाची जाणीव होईपर्यंतच वर न्यायचा, दुखेपर्यंत नाही. जडपणा वाटला की थांबायचे. आणि त्या हाताला टोचणे-कापणे अजिबात होता कामा नये. लसिकाग्रंथी काढलेल्या हाताला लहानशी जखमही चिघळू शकते, सूज येऊ शकते. म्हणून ताईच्या डाव्या हातात बागकामाचा जाड हातमोजा, आणि गळाला आमिष लावण्याचे काम माझे. काकांनी तिला बांबूची एक बारीक काठी दिली. तिला हातभर जास्त लांबीचा तंगूस बांधलेला. ही काठी फेकायची नसते. मागे झुलवून पुढे सोडायची असते. पहिल्या दिवशी तिने वीस-पंचवीस वेळा केले असेल. गळ दर वेळी जवळच पडे. काका म्हणत, ‘जवळच येतो मासा. तुमच्याकडेच येतो. तुम्ही कशाला लांब जाता?’

येणाऱ्या पाण्याबरोबर मासे खडकांत चरायला येतात, म्हणून ओहोटीनंतरचे पहिले दोन-अडीच तास महत्त्वाचे. तंगूस बोटावर असला की खालचे जग बोटाला कळू लागते. बारीक मासे टुकटुक करून कोळंबी कुरतडतात. खेकडा लागला की दोर नुसता जड होतो. शिंगाळा सरळ ओढून नेतो. प्रवाहाची ओढ मात्र एकसारखी, मऊ असते. ही ओढ आणि ती ओढ यांतला फरक ओळखण्यासाठी लक्ष बोटाच्या टोकाशी आणून ठेवावे लागते, आणि तेथे ते ठेवले की मनातली इतर गर्दी आपोआप मागे राहते. ध्यान शिकवणारे जे ‘श्वासाकडे पाहा’ म्हणून सांगतात, ते मला वर्गात बसून कधी नीट साधले नाही. येथे ते सांगावे लागले नाही.

अशा निरुद्योगी दिसणाऱ्या बसण्याला किहीममध्ये मोठी परंपरा आहे. १९३० च्या सुमारास सलीम अली बर्लिनहून शिकून परतले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. ते येथील घरी येऊन राहिले आणि पावसाळ्यात सुगरणींच्या घरट्यांची एक वसाहत तासन्‌तास न्याहाळत बसले. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर आत राहते. मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो, हे त्यांनी येथे पाहिले. तो निबंध १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. गावात आजही शिंदीच्या झाडांवर सुगरणींची वाळलेली घरटी लोंबताना दिसतात. ताई येता-जाता त्यांच्याखाली थांबायची आणि मान वर करायची. मान वर करण्याबरोबर खांदाही किंचित उघडत असे. मी ते मोजत होते, ती नव्हती.

खडकांवर काळजी मात्र हवीच, विशेषतः कुटुंबासह जाणाऱ्यांनी. कालवांची शिंपले पात्यासारखी धारदार असतात. अनवाणी जाऊ नये, आणि मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. शेवाळलेल्या खडकावर घट्ट तळव्याचे जोडे हवेत. पाणी समोरून येते तसे पाठीमागच्या सखल भागातूनही येते, म्हणून अधूनमधून मागे वळून पाहावे आणि परतीची वाट बंद होण्यापूर्वी उठावे. पावसाळ्यातल्या उधाणात, जेव्हा पाणी साडेचार मीटरहूनही वर चढते, खडकांकडे फिरकू नये. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, ते विषारी. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, त्याने वेदना उतरते. आणि नंतर डॉक्टरांकडे जावेच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताची लसही पाहावी लागते. शरीरात रुतलेला गळ ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तुटलेला तंगूस खडकांत टाकून येऊ नये. पक्ष्यांच्या पायांना तो फास होतो. उन्हात घसा कोरडा पडला तरी कळत नाही, म्हणून पाणी बरोबर असावे.

पाचव्या दिवशी, सप्तमीला, ओहोटी साडेअकराच्या सुमारास होती आणि पाणी भांगाकडे झुकलेले, म्हणून मंद. साडेबाराला ताईची काठी वाकली. तिने ती उजव्या हाताने धरली होती. धक्क्याने डावा हात आपणहून वर गेला आणि काठीला जाऊन भिडला, खांद्याच्या वर, हातमोज्यासकट. गेल्या दोन वर्षांत तो तेवढा वर गेलेला मला आठवत नव्हता. तिच्या ते ध्यानातही आले नाही. ती ओरडत होती, ‘अगं, धर ना, धर!’ काकांनी मला हाताने थांबवले. तिने एकटीनेच तो ओढून खडकावर घेतला.

वीतभर लांबीचा जिताडा होता. जिताडा म्हणजे रायगडकरांचा मानाचा मासा. खारेपाटातल्या तळ्यांत तो वाढवतात, पाहुण्याला आणि जावयाला खाऊ घालतात. त्याची कथा स्टीलहेडच्या नेमकी उलट आहे. तो जन्मतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. लहानपणी आत, गोड्या-मचूळ पाण्यात शिरतो. आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्राकडे उतरतो. शिवाय तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे लहान जिताडे धरून खाल्ले तर पुढे माद्याच उरणार नाहीत. लहान मासे सुटले पाहिजेत ही गोष्ट आता सरकारनेही मनावर घेतली असून महाराष्ट्रात २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला गेला. काकांना त्याची गरज नव्हती. ‘पोर आहे ते,’ म्हणाले.

सोडण्याचीही रीत असते. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे रोगाला बळी पडतो. म्हणून हात आधी ओला करायचा. काका गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवतात, त्यामुळे तो जखम न वाढवता निघतो. माशाला तरी गळ लागलाच ना, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी काठी घेऊ नये, पाण्याचे वळणे बसून पाहावे, तेही पुष्कळ आहे. ताईने उजवा हात पाण्यात बुडवला, जिताड्याला तळव्यावर आडवे धरून लाटेत ठेवले. तो दोन-तीन श्वास तेथेच राहिला, मग शेपटी हलली आणि तळवा रिकामा झाला.

दुपारी जेवणात बाजारातून आणलेल्या बोयींचे कालवण होते, चुलीवरचे, कोकमाचे, सोबत तांदळाची भाकरी. ताईने दोनदा भात घेतला. अलिबागचा पांढरा कांदा अजून शेतातच होता. त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसायला उन्हाळा यावा लागतो, तेव्हा पुन्हा या, असे मालकीणबाई म्हणाल्या.

रात्री मुलाचा फोन आला. त्याच्याकडे सकाळ होती. या खेपेस ताई ‘बरी आहे’ म्हणाली नाही. पाणी कसे वळते, जिभेसारखे कसे आत येते, शिंगाळ्याची ओढ आणि खेकड्याचा जडपणा यांत फरक काय, हे तिने त्याला अर्धा तास सांगितले. ‘किती मोठा होता?’ त्याने विचारले. ‘वीतभर. सोडला,’ ती म्हणाली. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने तिला विचारले की गळ कोणत्या नंबरचा होता, आणि ती फोन घेऊन अंगणात काकांना विचारायला गेली.

डोंबिवलीच्या घरी तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आता काही तिथींना पेन्सिलीने गोल केलेले आहेत आणि प्रत्येकीखाली पाऊणपट केलेला आकडा. काखेखालची ओढ अजून आहे. भिंतीवरचा व्यायाम तिने पुन्हा सुरू केला आहे, पण तो तिला अजूनही आवडत नाही. परवा तिने मला विचारले, ‘माघात वद्य द्वितीया शनिवारी येते का गं? दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे ओहोटी पावणेआठला. पहिली लाँच धरून तर नाही पोहोचायचो. शुक्रवारीच निघू.’